आवाजाला छत असते

२०२० सालच्या टाळेबंदीत आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलसमोर उभे राहून धडा शिकवला. पुढे शाळा भरल्या, खडू-फळा परत आला. पण प्रयोगाची चित्रफीत करून ठेवायची, गैरहजर मुलांना धडा पाठवायचा, मुलांकडून गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाची मुलाखत रेकॉर्ड करून घ्यायची, ही सवय बऱ्याच शाळांत टिकून राहिली.

अशा चित्रफिती करताना चित्राची काळजी सगळेच घेतात. उजेड कुठून येतो, फळ्यावरचे अक्षर दिसते का, डोके तर कापले जात नाही ना, हे सगळे पाहिले जाते. आवाजाकडे लक्ष जाते ते मात्र अगदी शेवटी. आणि तक्रारी येतात त्या बहुतेक आवाजाच्याच! सुरुवातीचे संगीत कानठळ्या बसवते, म्हणून मूल आवाज कमी करते. मग बाईंचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा वाढवते. तेवढ्यात चित्रफितीत बाई टाळी वाजवतात आणि घरातले सगळे दचकतात. चित्र जरा धूसर असले तरी धडा कळतो. बोलणे कळले नाही, तर मात्र मूल दोन मिनिटांत चित्रफीत बंद करते आणि त्याला आपण दोष देऊ शकत नाही.

यावर सर्वांना सुचणारा उपाय एकच असतो: संपादन करताना व्हॉल्यूमची पट्टी पुढे-मागे सरकवायची. कधी त्याने काम भागते, कधी अजिबात भागत नाही. असे का होते हे समजून घेणे फारसे अवघड नाही. त्याला लागणारे भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकातले आहे आणि गणित लॉगॅरिदमच्या पलीकडे जात नाही.

आवाजाचे आकडे

आपण बोलतो तेव्हा हवेचा दाब किंचित कमी-जास्त होतो. माइक या चढउताराचे विद्युतदाबाच्या चढउतारात रूपांतर करतो. इथपर्यंत जुना टेपरेकॉर्डर आणि आजचा मोबाइल यांच्यात काही फरक नाही. पुढे मोबाइल एक वेगळी गोष्ट करतो. तो हा विद्युतदाब दर सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवतो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजण्या ठरल्या होत्या, चित्रफितींमध्ये ४८,००० रूढ आहेत. म्हणजे एका मिनिटाचे बोलणे ही जवळजवळ २९ लाख आकड्यांची यादी झाली.

हे आकडे किती मोठे असू शकतात? नेहमीच्या १६ बिटांच्या पद्धतीत २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळे आकडे लिहिता येतात. शांतता म्हणजे शून्य धरले, तर उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. त्यापलीकडे आकडाच नाही.

आता समजा, कोणी माइकजवळ ओरडले आणि एखाद्या क्षणी आकडा ५०,००० यायला हवा होता. तो लिहायला जागा नाही, म्हणून यंत्र ३२,७६७ लिहिते. पुढच्या मोजणीला ५५,००० हवा होता; तरीही ३२,७६७च. लहरीचा गोलसर माथा कापला जातो आणि तिथे सपाट पठार तयार होते. पठाराच्या दोन्ही कडांना जे कोपरे तयार होतात, त्यांमुळे मूळ आवाजात नसलेल्या वरच्या कंप्रता निर्माण होतात. साधी २०० हर्ट्‌झची लहर वरून आणि खालून सारखीच कापली, तर तिच्यात ६००, १०००, १४०० अशा विषम पटींतल्या कंप्रता शिरतात. कानाला जो खरखरीत, चिरका परिणाम जाणवतो तो याचाच. रोजच्या बोलण्यात आपण त्याला ‘आवाज फाटणे’ म्हणतो आणि तो शब्द फार नेमका आहे.

ज्यांनी पूर्वी कॅसेटवर रेकॉर्डिंग केले आहे त्यांना आठवत असेल, की मीटरचा काटा लाल पट्ट्यात थोडा गेला तरी चालायचे. उलट काही जण मुद्दाम तसे करत. चुंबकीय फितीवर आवाज वाढत गेला की फीत हळूहळू ‘भरत’ जाते, लहरीचे माथे एकदम कापले न जाता दबतात. फितीला एक प्रकारची सहनशीलता होती. आकड्यांच्या यादीला ती नाही. ३२,७६७ पर्यंत सगळे उत्तम आणि त्यापुढे एकदम भिंत. किंवा भिंतीपेक्षा छत म्हणू या, कारण आवाज वर जाऊन त्याला आपटतो.

शून्य वर की खाली?

संपादनाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचे मीटर उघडले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळे आकडे उणे कसे? पुस्तकात तर कुजबुज ३० डेसिबल, साधे बोलणे ६० डेसिबल असे लिहिले आहे.

याचे उत्तर असे, की डेसिबल हे मीटर किंवा किलोग्रॅमसारखे एकक नाही. ते एक गुणोत्तर आहे. कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. त्याचा जन्मच तुलनेतून झाला. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या टेलिफोन अभियंत्यांना लांब तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो हे मोजायचे होते. पूर्वी ते ‘इतके मैल प्रमाणित तार’ अशा भाषेत सांगत. १९२४ मध्ये त्यांनी लॉगॅरिदमवर आधारलेले एकक घेतले आणि १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणायला सुरुवात केली.

पाठ्यपुस्तकातल्या डेसिबलमध्ये तुलना असते ती माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या दाबाशी. तो दाब २० मायक्रोपास्कल धरतात आणि त्याला शून्य म्हणतात. तिथे शून्य जमिनीवर आहे आणि आपण वर चढत जातो. संपादनाच्या मीटरमध्ये तुलना असते ती छताशी, म्हणजे लिहिता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याशी. तिथे शून्य छताला चिकटवलेले आहे आणि आपण खाली मोजत येतो. म्हणून सगळे आकडे उणे.

सूत्र सोपे आहे: लहरीची उंची, म्हणजे आयाम, छताच्या किती पट आहे ते काढायचे, त्याचा १० पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि २० ने गुणायचे. आयाम छताच्या निम्मा असेल तर २ चा लॉगॅरिदम ०.३०१०, म्हणून उणे ६.०२, व्यवहारात उणे ६ डेसिबल. एक दशांश असेल तर उणे २०, एक शतांश तर उणे ४०, एक सहस्रांश तर उणे ६०. सोळाही बिटे वापरली तर सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आवाज यांत साधारण ९६ डेसिबलचे अंतर मावते. हे अंतर भरपूर आहे. वर्गातल्या पंख्याचा आवाज या तळापेक्षा खूपच वर असतो, त्यामुळे ‘आवाज लहान राहिला तर बिटे वाया जातील’ या धास्तीने माइकची पातळी छताला टेकवण्याचे काही कारण नाही.

करून पाहण्याजोगा प्रयोग

छतापाशी नेमके काय घडते हे वर्गात दाखवता येते. त्यासाठी ‘ऑडॅसिटी’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर पुरे आहे. प्रयोग सुरू करण्यापूर्वी स्पीकरचा आवाज कमी ठेवा आणि कोणालाही कानात इअरफोन घालू देऊ नका.

सॉफ्टवेअरला ४४० हर्ट्‌झचा, ०.५ आयामाचा सूर दोन सेकंद तयार करायला सांगा. पडद्यावर निळा ठोकळा दिसेल. तो पुरेसा मोठा करून पाहिला की साइन लहर दिसू लागते. आता हा आवाज १२ डेसिबलने वाढवा. १२ डेसिबल म्हणजे आयाम जवळजवळ चौपट, म्हणजे ०.५ चा २ होणार. आणि छत आहे १ वर. सॉफ्टवेअर अडवील. छत ओलांडायला परवानगी देणारी एक चौकट तिथे असते, तिच्यावर खूण करा. सूर वाजवला तर फाटलेला ऐकू येईल. आता तोच आवाज १२ डेसिबलने कमी करा. काय दिसले? लहर जशीच्या तशी परत आली. गोल माथे शाबूत!

इथे थांबून मुलांना विचारावे: मग फाटलेला आवाज दुरुस्त होतो, असे म्हणायचे का?

घाई नको. आवाज पुन्हा १२ डेसिबलने वाढवा, पण या वेळी कमी करण्यापूर्वी तो १६ बिटांच्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा. मग ती फाइल नव्याने इम्पोर्ट करा आणि १२ डेसिबलने कमी करा. आता लहर परत येत नाही. पठारे तशीच राहतात, फक्त ती खाली सरकतात. मूळ लहरीची उंची ०.५ होती, परत आलेल्या पठाराची ०.२५ भरते. मधला डोंगर कुठे गेला? तो फाइलमध्ये लिहिलाच गेला नव्हता.

दोन्ही वेळा आपण केले तेच, मग निकाल वेगळा का? संपादनाचे सॉफ्टवेअर आपल्या पोटात आवाजाचे आकडे वेगळ्या रीतीने ठेवते. आपण ३२,७६७ हा आकडा ३.२७६७ गुणिले १० चा चौथा घात असा लिहितो, तसे काहीसे. अंक वेगळे, घात वेगळा. दशांशचिन्ह असे सरकते ठेवल्यामुळे मोठ्या आकड्यालाही जागा मिळते. तिथे छत नसल्यासारखेच आहे. मीटर लाल होतो तो केवळ इशारा. खरे छत लागते ते दोन ठिकाणी: आत येताना, म्हणजे माइकचा विद्युतदाब प्रथम मोजला जातो तेव्हा, आणि बाहेर जाताना, म्हणजे फाइल लिहिली जाते किंवा स्पीकरला आवाज पाठवला जातो तेव्हा. मधल्या घरात आवाज हवा तसा वर-खाली करा. दोन्ही दारांची चौकट मात्र ठेंगणी आहे.

या दोन दारांत फरक आहे. बाहेरच्या दाराशी कपाळमोक्ष झाला तर आपल्याकडे मूळ काम शिल्लक असते. पातळी उतरवून पुन्हा एक्स्पोर्ट करता येते. आतल्या दाराशी गेले ते गेलेच. समजा, मुलांनी एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. पहिली ओवी आजी हळू, संकोचाने म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या ओवीला त्या रंगात येतात, आवाज चढतो आणि नेमक्या तिथे रेकॉर्डिंग फाटते. कापलेल्या माथ्यांचा अंदाज बांधून ते भरून देणारी साधने आज आहेत, थोड्याशा फाटलेल्या आवाजावर ती बऱ्यापैकी चालतातही. पण तो अंदाज आहे, आजींचा आवाज नाही. म्हणून रेकॉर्ड करताना मीटर पाहायला मिळत असेल, तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. वर १२ डेसिबल मोकळी जागा राहते. रंगात आलेल्या माणसासाठी ती लागतेच.

अंतराचा हिशेब

आता उलट अडचण पाहू. आवाज फाटलेला नाही, पण लहान आहे. शिक्षकांच्या चित्रफितींत ही अडचण जास्त आढळते.

मोबाइल टेबलावर, बाईंपासून अर्ध्या मीटरवर आहे. प्रश्नाचे उत्तर देणारी मुलगी चार मीटर लांब बसली आहे. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि दाबाचा आयाम सरळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात. अंतर आठपट, म्हणून आयाम एक अष्टमांश. २ चा तिसरा घात म्हणजे तीनदा ६, म्हणजे १८ डेसिबलची घट. त्यात मुलगी लाजाळू असेल तर आणखी! प्रत्यक्ष खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे घट याहून थोडी कमी भरते. पण तो परत आलेला आवाज शब्द घोटाळून टाकतो, तेव्हा त्याचा आधार न धरलेला बरा.

हा क्लिप संपादनात घेतला आणि मुलीच्या उत्तरापुरता आवाज १२ डेसिबलने वाढवला. उत्तर मोठे झाले, आणि पंखा? तोही १२ डेसिबलने मोठा झाला. बाहेरची रिक्षाही झाली. पट्टी सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणते. त्यातला मुलीचा वाटा कोणता आणि पंख्याचा कोणता, हे तिला ठाऊक नसते. मुलीचा आवाज आणि गोंगाट यांचे गुणोत्तर तसूभरही बदलत नाही आणि बोलणे कळते की नाही हे त्या गुणोत्तरावर ठरते.

तेच १२ डेसिबल दुसऱ्या वाटेने मिळवता येतात. मोबाइल हातात घेऊन मुलीपासून एक मीटरवर जायचे. अंतर चारपट कमी, आयाम चारपट जास्त, म्हणजे १२ डेसिबल. पंखा जिथे होता तिथेच आहे, त्याचा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. गुणोत्तर पूर्ण १२ डेसिबलने सुधारले. तीन पावले चालून जे मिळते ते कोणत्याही पट्टीने मिळत नाही. स्वस्तातला तारेचा कॉलर माइक महागड्या मोबाइलच्या अंगच्या माइकवर मात करतो तो याच हिशेबाने: तो तोंडापासून वीतभर अंतरावर असतो.

बहुतेक मोबाइल रेकॉर्ड करताना स्वतःही पट्टी सरकवत असतात. कोणी बोलेनासे झाले की ते आपोआप पातळी वाढवतात, म्हणून वाक्यांच्या मधल्या जागेत पंखा फुगून वर येतो आणि बोलणे सुरू झाले की मागे जातो. कानाला हे फार त्रासदायक वाटते. रेकॉर्डिंगच्या ज्या ॲपमध्ये ही स्वयंचलित पातळी बंद करता येते, तिथे ती बंद करावी. आणि शक्य तर पंखाही.

मीटर सारखा, कान वेगळा

सर्व तुकडे संपादनात घेतले: बाईंचे निवेदन, मुलीचे उत्तर, सुरुवातीचे संगीत. आता प्रत्येकाची पातळी पाहून सगळ्यांचे सर्वोच्च माथे उणे ३ वर आणून ठेवले. मीटर सगळ्यांना सारखेच दाखवतो. तरी दोन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट बेरजेची. निवेदनाखाली संगीत चालू असेल, तर एकाच क्षणाचे दोन आकडे बेरीज होऊन बाहेर जातात. उणे ३ म्हणजे छताच्या ०.७०८ पट. दोन माथे नेमके एकाच वेळी आले तर ०.७०८ अधिक ०.७०८ बरोबर १.४१६, म्हणजे छताच्या ३ डेसिबल वर. प्रत्येक ट्रॅक हिरवा आणि बेरीज लाल. म्हणून ट्रॅकच्या मीटरपेक्षा बाहेर जाणाऱ्या एकत्र आवाजाच्या मीटरकडे लक्ष ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माथे सारखे असूनही संगीत बोलण्यापेक्षा खूप मोठे वाटते. बोलण्यात ‘प’, ‘ट’ अशा अक्षरांना क्षणभराचे उंच माथे येतात. मध्ये दऱ्या असतात, विराम असतात. बाजारात आलेले गाणे मात्र स्टुडिओत दाबून-दाबून असे भरलेले असते, की ते सतत छताच्या जवळच राहते. मीटर सर्वांत उंच माथा दाखवतो. कान मात्र काही काळाची सरासरी ऊर्जा जोखतो. शिवाय सर्व कंप्रता त्याला सारख्या ऐकू येत नाहीत. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांतून हे स्पष्ट झाले: हळू आवाजात खर्जातले सूर कानाला फार कमी जाणवतात.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी याचा अनुभव वर्षानुवर्षे घेतला. कार्यक्रम संपून जाहिरात लागली की आवाज एकदम वाढल्यासारखा वाटे. जाहिरातदार नियमात असत, कारण नियम माथ्यांचा होता आणि माथे छताखालीच होते. अखेर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने कानाच्या अधिक जवळ जाणारी मोजणी सुचवली. खर्जाला कमी आणि वरच्या कंप्रतांना जरा जास्त वजन द्यायचे, ऊर्जा मोजायची आणि सरासरी काढायची. पुढे तीत सुधारणा झाली: आवाजाचे ०.४ सेकंदाचे एकमेकांवर चढणारे तुकडे करायचे आणि शांत तुकडे सरासरीतून वगळायचे, नाहीतर विरामांमुळे सरासरी खोटी उतरते. हे मोजमाप ‘एलयूएफएस’ या अक्षरांनी दाखवतात. त्यातले एक पाऊल म्हणजे एक डेसिबलच, आणि शून्य पुन्हा छताच्या बाजूलाच. युरोपच्या प्रक्षेपण संघाने २०१० मध्ये कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरवली. अमेरिकेत त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जाहिरातींच्या आवाजावर कायदाच झाला आणि तो १३ डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. आवाजाच्या सरासरीवर संसदेने कायदा करावा, हे वाचून गणिताच्या शिक्षकांना बरे वाटायला हरकत नाही!

आपल्या कामात याचा अर्थ असा. दाबून भरलेले गाणे या मापाने उणे ९-१० च्या आसपास असू शकते आणि माथे छताला टेकवलेले साधे बोलणे उणे २० च्या. फरक दहा डेसिबलचा. आणि दहा डेसिबलची वाढ कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटते. तेव्हा बोलणे आधी बसवावे आणि संगीत त्याच्या हिशेबाने उतरवावे. बोलण्याखाली चालणारे संगीत १५ ते २० डेसिबलने खाली असावे. याहून वर असले तर ते कोणासाठी आहे, असा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो.

बोलणे स्वतः मोठे करायचे तर? माथे आधीच छताजवळ आहेत, सरळ गुणले तर आपटतील. इथे ‘कॉम्प्रेसर’ नावाची सोय कामी येते. (फाइल लहान करण्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात, त्या दोघांचा संबंध नाही.) समजा, उंबरठा उणे २० ठेवला आणि प्रमाण ३ ला १. उंबरठ्याखालच्या आवाजाला धक्का नाही. जो माथा उणे २ पर्यंत जात होता तो उंबरठ्याच्या १८ डेसिबल वर होता. त्याचे ६ होतात आणि तो उणे १४ वर येतो. छताखाली १२ डेसिबल जागा नव्याने मिळाली. मग सगळे बोलणे आठ-दहा डेसिबलने उचलता येते. पंखाही तेवढाच उचलला जातो, हे ओघाने आलेच. म्हणजे आधीची तीन पावले वाचत नाहीत.

बाहेरचे दार

एक्स्पोर्ट करताना सर्वांत उंच माथा शून्यावर न ठेवता उणे १ वर किंवा त्याखाली ठेवावा. कारण फाइल लहान करताना आवाजातला कानाला न जाणवणारा भाग टाकून दिला जातो. ऐकताना लहर पुन्हा रचली जाते तेव्हा ती मूळ लहरीशी तंतोतंत जुळत नाही, काही माथे थोडे उंच होतात. शिवाय आपले आकडे हे लहरीवरचे सुटे बिंदू आहेत. दोन बिंदूंच्या मधला खरा माथा दोघांहूनही उंच असू शकतो. एक डेसिबलची जागा या दोन्हींसाठी सोडायची.

सरासरी पातळी किती ठेवावी हे चित्रफीत कुठे ऐकली जाणार यावर ठरते. उणे २३ ही पातळी घरातल्या दूरचित्रवाणी संचासाठी आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ती फार हळू वाटेल. तिथे उणे १४ ते उणे १६ बरी. यूट्यूबसारखी माध्यमे यापेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतात, त्यामुळे फुगवून काही हाती लागत नाही. हळू आवाज मात्र कोणी आपल्यासाठी वर उचलेलच असे नाही.

मूळ क्लिप आणि संपादनाची फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून परत आलेली चित्रफीत घेऊन तिच्यावर दुरुस्त्या करू नयेत. प्रत्येक फेरीत आवाजाचा आणखी थोडा भाग टाकला जातो.

तयार चित्रफीत संगणकाच्या चांगल्या स्पीकरवर ऐकून समाधान मानू नये. ती साध्या मोबाइलवर, खिडकी उघडी ठेवून, एकदा पडद्याकडे न पाहता ऐकावी. आणि मोबाइलला इअरफोन लावून एका वेळी एकच कान ऐकून पाहावा. बाहेरचा माइक जोडला असता कधी कधी आवाज फक्त डाव्या बाजूला नोंदला जातो आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागतोच असे नाही. पण आपली मुले एक इअरफोन दोघांत वाटून घेतात. उजवी बाजू ज्याच्या वाट्याला येते, त्याला धडाभर काहीच ऐकू येत नाही. एक्स्पोर्ट करण्यापूर्वी त्या क्लिपचा आवाज ‘मोनो’ केला, की तो दोन्ही बाजूंना सारखा जातो.